अक्काचा धूप आणि शेट्टीचं दुकान

आमचं घर सापडत नसेल तर सरळ नाक वर करून चालत या, असं गल्लीतले लोक पाहुण्यांना सांगत. म्हैसूरमध्ये उदबत्तीचा वास कुठे नसतो? पण चामराजपुरममधल्या आमच्या घराचा थाट वेगळा. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि दिवेलागणीला आमच्या गच्चीवरून धुपाचा लोट निघायचा, आणि त्या लोटाच्या बुडाशी माझी थोरली जाऊ, म्हणजे आमची अक्का, धुपाटणं हातात धरून उभी असायची. डोक्यावर पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, तोंडात वेलदोडा. खालून जाणाऱ्या बायका चालता चालता हात जोडायच्या. देवाला की अक्काला, ते त्यांचं त्यांना माहीत.

धूप झाला की पाठोपाठ माझे भावजी शिंकायचे. भावजी म्हणजे अक्काचे यजमान, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. एक शिंक आली की मागून रांगच लागायची. अक्का खाली येऊन त्यांना गरम गरम काढा करून द्यायची आणि ते तो मुकाट पीत. हे इतकं रोजचं होतं की त्यांना सर्दीची प्रकृती आहे असंच सगळे धरून चालले होते.

मी मूळची नाशिकची. सासर मात्र पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. पूर्वज कापड रंगवायचे, छापायचे. आता घरात रंगाचं नाव नाही. भावजींनी कापडाचं दुकान चालवलं आणि वय झाल्यावर ते भाड्याने दिलं. "आमच्या घरी मराठीच बोलतात," असं नवऱ्याने लग्नाआधी छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी अक्का म्हणाली, "ये गे, बस. स्वल्प कॉफी घे. सुम्ने लाजत बसू नको." मी बसले, कारण तेवढंच कळलं. स्वल्प म्हणजे थोडं आणि सुम्ने म्हणजे उगीच, हे दोन शब्द पाठ झाल्यावर मात्र मला त्या घरात काही अडलं नाही.

माझा एक दुर्गुण इथे सांगून टाकते. मला नको तिथे हसू येतं. श्राद्धाला येतं, इंटरव्ह्यूला येतं, डॉक्टरांनी जीभ बाहेर काढा म्हटलं की तर हमखास येतं. आणि त्याच्या जोडीला राग. हसून झालं की मी चिडते, चिडून झालं की हसते. अशी बाई अक्कासारख्या सोवळ्या बाईच्या घरात कशी निभावणार, याची माझ्या आईला फार काळजी होती.

सुट्टीच्या एका दुपारी गच्चीवर वाळत घातलेले संडगे काढायला मी वर गेले. धूप चालू होता. मी टाकीला वळसा घालून पलीकडे गेले आणि जागीच थांबले. अक्का चामुंडी डोंगराकडे तोंड करून उभी होती. एका हातात धुपाटणं. दुसऱ्या हातात सिगारेट. आणि ती उचलण्याची ढब इतकी सराईत की बघत राहावं.

तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. दोघींच्या मधून धूर चालला होता. मग माझी ती परमपवित्र जाऊ अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "देवीला दाखवत होते."

मला जे हसू फुटलं ते काही विचारू नका. मी संडग्यांवरच बसले. अक्काने आधी डोळे मोठे केले, मग पदर तोंडात कोंबला, मग तीही भिंतीला टेकून हसायला लागली. खालून भावजी शिंकले आणि आम्ही दोघी पुन्हा सुरू. संडगे सगळे चुरले. "कावळ्यांनी खाल्लं म्हणून सांगूया," अक्का म्हणाली, आणि त्या क्षणापासून मला ती जीव की प्राण झाली.

तिचं माहेर हुणसूरचं. तो सगळा तंबाखूचा मुलूख. तिच्या वडिलांचं तंबाखूचं शेत आणि पानं वाळवायची भट्टी होती. त्या भट्टीच्या उबेला बसून अभ्यास केला, असं ती सांगायची. तिथल्याच एका आत्याने तिला कोवळ्या वयात पहिला झुरका दिला. "ओढलं की घरचं वास येतंय गे," ती म्हणाली, "डोळे मिटले की मी भट्टीपाशी." दर महिन्याला ती बसने माहेरी जायची आणि येताना पिशवीत भाजीखाली महिन्याचा साठा घेऊन यायची. पिशवीला तंबाखूचा वास आलाच तर हुणसूरहून आलेल्या पिशवीला दुसरा कसला येणार?

आणि साठा ठेवायची जागा! तिथे तर मी तिला मनोमन दंडवतच घातला. आमच्याकडे दसऱ्याला बाहुल्या मांडतात. त्यांना इथे गोंबे म्हणतात. राजाराणी, देवदेवता, वऱ्हाड, आणि त्यात एक ढेरपोट्या शेट्टी. त्याच्यासमोर छोट्या वाट्यांतून डाळ, तांदूळ, गूळ मांडून किराणा दुकान थाटायचं अशी रीत आहे. हा शेट्टी मातीचा, आतून पोकळ, बुडाला भोक. वर्षभर तो गच्चीवरच्या खोलीतल्या ट्रंकेत जुन्या साडीत गुंडाळून झोपलेला असायचा, आणि त्याच्या पोटात अक्काचा माल. दसरा आला की ती पोट रिकामं करून त्याला खाली आणायची. शेजारणी त्याच्या ढेरीला हात लावून नमस्कार करायच्या, आणि मी स्वयंपाकघरात पळायचे.

माझं काम पहाऱ्याचं. कुणी जिना चढायला लागलं की मी खालून मोठ्याने विचारायचं, "अक्का, नारळ कुठे ठेवलाय?" मला फार मजा यायची. मात्र अधूनमधून मी चिडायचेसुद्धा. "अहो, सोडा की हे. बरं नसतं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं. "अय्यो, दिवसाला दोन-तीन ओढले तर त्याला ओढणं म्हणतात काय? आणि काळजाचं रोग पुरुषांना होतंय गे. बायकांना काय होत नाही."

मीही ते खरंच धरलं होतं. आमच्या ओळखीत छाती धरून कोसळले ते सगळे पुरुष होते.

मागच्या वर्षी भाद्रपदात अक्काचा जबडा दुखायला लागला. जिना चढली की डाव्या बाजूचा जबडा आणि पाठीत, दोन खवाट्यांच्या मध्ये. बसली की थांबायचं. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्याने आत-बाहेर दिवा मारून सांगितलं की दात एकदम ठणठणीत आहेत. अक्का त्याच्यावरच उखडली. "माझं दुखतंय आणि हा चांगलंय म्हणतोय!" मग दम लागायला लागला, मळमळायला लागलं, पोळ्या करता करता घाम फुटायला लागला. पाळी जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा घाम त्या खात्यात गेला. मळमळ पित्ताच्या खात्यात. दम वजनाच्या खात्यात. प्रत्येक दुखण्याला आम्ही एकेक घर शोधून दिलं.

शेवटी भावजी तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही बरोबर होते. ते वयस्कर, सज्जन गृहस्थ आहेत, घरच्यासारखे. त्यांनी रक्तदाब पाहिला, पोट दाबलं, आणि मग विचारलं, "घरात कोणी स्मोक करतात काय?" विचारलं कुणाला? तर भावजींना. पेशंट समोर बसलेली आणि प्रश्न तिच्या डोक्यावरून नवऱ्याला. भावजी ताठ होऊन म्हणाले, "छे छे. आमच्या घरात? नाही." अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गणपतीकडे एकटक बघत होती. माझ्या पोटात हसू उसळलं, आणि ते दाबायला मी खोकले, तर डॉक्टरांनी मलाही तपासलं. पित्ताच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. रिक्षात अक्काने मला कोपराने ढोसलं आणि आम्ही दोघी रस्त्याकडे बघत गदगदा हललो.

ते हसणं लवकरच घशाशी आलं. हूटगळ्ळीला माझं ऑफिस आहे. तिथे अधूनमधून एखादं आरोग्याचं व्याख्यान ठेवतात. आम्ही बायका ए.सी. आणि बिस्किटांसाठी जातो. त्या दुपारी हृदयरोगाची एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. मी पुढच्या रांगेत बसून बिस्किट खात होते. ती म्हणाली, बायकांचं हृदय नेहमी छातीतच दुखेल असं नाही. कधी जबडा दुखतो. कधी पाठ, खवाट्यांच्या मध्ये. मळमळतं, घाम येतो, पायऱ्या चढवत नाहीत, आणि घरातले म्हणतात पित्त असेल, वय असेल.

बिस्किट माझ्या तोंडातच राहिलं. ही बाई आमच्या जिन्याबद्दल बोलत होती.

घरी येऊन मी अक्काला गाठलं. तिने ऐकून घेतलं आणि मान उडवली. "हार्ट डॉक्टरकडे गेलं की पहिला प्रश्न तेच विचारणार. यांच्यासमोर मी काय सांगू? भजनी मंडळात तोंड कसं दाखवू? मेले तरी बेडा." बेडा म्हणजे नको. एकदा ती बेडा म्हणाली की विषय संपला.

मला संताप आला. मरण परवडलं पण भजनी मंडळ नको, हे काय बोलणं झालं? संतापातच मला युक्ती सुचली. मी म्हटलं, "ठीक आहे, तुम्ही नका दाखवू. मी दाखवते. मी म्हणते मीच ओढते, माझाच जबडा दुखतो. तुम्ही फक्त सोबतीला चला. मला कन्नड कुठे धड येतं? तुम्ही दुभाषी." मग तिच्या गालाला खळी पडली. असल्या उद्योगाला ती नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

दवाखान्यात ती व्याख्यानवाली डॉक्टरीणबाई इंग्रजीतून सुरू झाली, तेव्हा मी चेहरा कोरा ठेवून अक्काकडे पाहिलं. माझं इंग्रजी मी घरी ठेवून आले होते. मग संभाषण कन्नडमध्ये चाललं. इथे मी ते मराठीतच सांगते.

"काय होतंय यांना?" डॉक्टरने विचारलं.

मी मराठीत एवढंच म्हटलं, "जबडा दुखतो."

अक्काने त्याचं कन्नड केलं ते बराच वेळ चाललं. जबडा कसा दुखतो, खालून वर कसा चढतो, जिन्याच्या वळणावर कसं थांबावं लागतं, पाणी प्यायलं तर काय, बसलं तर काय. डॉक्टर एकदा माझ्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे.

"सिगारेट ओढतात?"

"हो," मी मान खाली घालून म्हटलं.

"ओढते," अक्का म्हणाली. "लहानपणापासून. सकाळी एक, जेवण झालं की एक, संध्याकाळी एक. सणाला जास्त नाही. धुपाबरोबर."

"धुपाबरोबर?"

"वास येऊ नये म्हणून. आणि मागून तोंडात वेलदोडा," अक्काने समजावून सांगितलं.

मी ओठ चावत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते दुखण्यामुळे आहे असं कुणाला वाटलं तर बरं, अशी मी आशा करत होते. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आणि यांचा जबडा कुठल्या बाजूचा दुखतो?"

"हा," अक्का म्हणाली, आणि तिचा हात तिच्या स्वतःच्या डाव्या गालावर गेला.

अक्काचा हात गालावरच राहिला. तो खाली घ्यावा तर पंचाईत, ठेवावा तर पंचाईत. डॉक्टर माझ्याकडे वळली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत होतात. सगळ्यांत जास्त बिस्किटं तुम्ही खाल्लीत." मी खाली पाहिलं. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकत होतं.

यावर मी हसले, अक्का हसली, आणि देवाची कृपा, डॉक्टरसुद्धा हसली. मग तिने हसणं आवरलं आणि खुर्ची अक्काच्या अगदी जवळ ओढून घेतली. म्हणाली, धुराने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, रक्त लवकर गोठतं, वाहिन्या आवळतात. बायकांच्या वाहिन्या आधीच बारीक. तेवढ्याच सिगारेटींनी बाईच्या हृदयाचं पुरुषापेक्षा जास्त नुकसान होतं. पाळी चालू असते तोवर शरीर थोडं सांभाळून घेतं, पण सिगारेट ओढणाऱ्या बाईची पाळीही लवकर जाते. थोड्या ओढल्या म्हणून धोका थोडा, असा हिशोब हृदय करत नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कापड एकदा रंगात बुडालं की रंग जात नाही."

"हृदय कापड नाही," डॉक्टर म्हणाली. "आज सोडलंत तर ते आजपासूनच धुऊन निघायला लागतं. पूर्ण कोरं नाही होणार. पण खूप फरक पडतो."

कार्डिओग्राम झाला. मग ती चालायची पट्टी. अक्का साडी वर खोचून, वाट्याला आलेले कुणाचे तरी बूट घालून पट्टीवर चढली. "चामुंडी चढतेय असं समज," ती स्वतःलाच म्हणाली. पण पहिल्या चढालाच तिचा हात गालावर गेला आणि मशीन थांबवावं लागलं. आता कुणीच हसलं नाही. वाहिनीत अडथळा दिसतोय, लगेच तपासून फुगा घालून वाहिनी उघडावी लागेल, दिवस घालवू नका, आणि घरच्या माणसाची सही लागेल, नवऱ्याला घेऊन या, असं डॉक्टरने सांगितलं. गोळ्या तिथल्या तिथे सुरू केल्या.

बाहेर बाकावर अक्का म्हणाली, "दसरा झाला की येऊ."

"दसऱ्याला अजून किती दिवस आहेत!"

"गोंबे मांडायला मी पाहिजे. सगळ्या बायका येणार." आणि मग खरं ते बाहेर पडलं. "यांना सांगू नको गे. एवढी वर्षं हे मला देवमाणूस समजून वागले. त्यांच्या डोळ्यांतून उतरले तर मी जगून काय करू?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी तिला म्हटलं, उद्या सकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते, आणि तुम्ही माझ्याशी जन्मभर नाही बोललात तरी चालेल, पण त्यासाठी तुमचा जन्म तरी चालू राहू दे. स्कूटरवर मागे बसून तिने माझी ओढणी घट्ट धरली होती.

घरी पोचलो तर पुढच्या खोलीत ट्रंक उघडी पडलेली. भावजी दसऱ्याच्या तयारीला लवकरच लागले होते. असं ते कधी करत नसत. जुन्या साड्या इकडे तिकडे, पायऱ्यांच्या फळ्या लावलेल्या, आणि खालच्या फळीवर शेट्टी बसलेला. दुकानदाराच्या हातचं दुकान ते, सगळं रेषेत. एका वाटीत तांदूळ, एकीत तूरडाळ, एकीत गूळ. आणि शेट्टीच्या उजव्या हाताशी, केळीच्या पानाच्या तुकड्यावर, एका ओळीत मांडलेल्या सिगारेटी.

अक्काचा चेहरा पांढरा पडला. मी सवयीने म्हणून गेले, "नारळ कुठे ठेवलाय?"

"बस," भावजी अक्काला म्हणाले. "जिना चढून आलीस काय? नाही की. तरी दम लागलाय. बस."

ती बसली. तेही तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"मला नाक नाही म्हणून समजलीस काय गे?" ते म्हणाले. "लग्न झालं त्या वर्षापासून मला माहीत आहे. हुणसूरची पोरगी, असेल म्हटलं सवय. तू लपवायला एवढं कष्ट घेत होतीस. सापडलं म्हणून सांगितलं असतं तर लाजेने अर्धी झाली असतीस. म्हणून सुम्ने राहिलो. मला सिगरेटचं काय बाधत नाही. धुपाचं बाधतंय."

"काय?"

"धुपाचं. शिंका त्याच्याच की. तो काढा पिऊन पिऊन माझं तोंड कडू झालं."

मला कुठल्या क्षणी काय होईल याचा भरवसा नाही हे मी सांगितलंच आहे. मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि मुठी आवळल्या. पण भावजींचा आवाज बदलला तसं माझं हसू आपोआप विरलं.

"त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं की," ते म्हणाले. "घरात कोणी ओढतात काय म्हणून. मला माहीत होतं आणि मी नाही म्हटलं. धाकट्या भावाच्या बायकोसमोर तुझा मान जाईल म्हणून. रात्री तू कूस बदलताना कण्हतेस ते ऐकतो मी. मान राखायला गेलो, आणि तुझा जीव..." तो धिप्पाड माणूस शेट्टीच्या दुकानासमोर लहान मुलासारखा रडला. अक्काने पुढे होऊन पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सही करायला या. उद्याच."

दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून तिच्या वाहिनीत जाळी बसवली. आणखी थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं, ते डॉक्टरने आम्हाला नकाशा काढून दाखवलं. मला तो बघवला नाही. बाहेर येऊन मी आणि भावजी कॉफी प्यायलो, आणि त्यांनी आपणहून दोनदा सांगितलं की कॉफी फार छान आहे. ती मुळीच छान नव्हती.

त्या वर्षी गोंबे मी मांडले. वऱ्हाड उलट्या दिशेला लागलं आणि राणी राजाच्या चुकीच्या बाजूला बसली. अक्का पलंगावरून हुकूम सोडत होती. सिगारेट सोडणं मात्र तिला सोपं गेलं नाही. ती चिडचिडी झाली, एकदा माझ्यावर लाटणं उगारलं, एकदा रात्रीच्या भाताचं पातेलं सरळ मोरीत ओतलं. हुणसूरला जाणं काही महिने बंद केलं, तेव्हा ती माहेरासाठी रडली. दुपारी जेवणानंतरची वेळ सगळ्यांत वाईट. त्या वेळेला भावजी तिला घेऊन गल्लीतून फिरायला जायला लागले, आणि या वयात जोडीने फिरतात म्हणून गल्लीला नवा विषय मिळाला.

धूप बंद झाला. भावजींच्या शिंका बंद झाल्या. आमच्या घराला आता फक्त फोडणीचा वास येतो. गच्चीकडे बघून हात जोडणाऱ्या बायका वर बघून नुसत्याच पुढे जाऊ लागल्या. घरातली भक्ती आटली, असं दुधाच्या बूथवर माझ्या कानावर आलं.

यंदाच्या दसऱ्याला सगळं भजनी मंडळ हळदीकुंकवाला आलं. शेट्टी आपल्या जागी, पोट रिकामं, पुढे फक्त डाळ-तांदूळ. मंडळाच्या अध्यक्षीणबाई पुढे बसल्या होत्या. कडक कांजीची साडी, तोंडात कायम वेलदोडा, आणि चुकलेल्या तालाला क्षमा नाही. उसळीचा द्रोण हातात घेत त्या म्हणाल्या, "धूप का बंद केलात हो? एवढं छान चाललं होतं देवाचं."

मी कुंकवाची कोयरी खाली ठेवली. अक्काने भावजींकडे पाहिलं. ते दारात उभे होते. त्यांनी मान हलवली.

"देवाचं काय नव्हतं ते," अक्का म्हणाली. "मी सिगरेट ओढत होते. वास झाकायला धूप. काळजाला जाळी बसवून आले. आता सोडलंय."

कुणीतरी "अय्यो" म्हणालं. कुणीतरी हसलं. ती मी होते. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या, कुठे दुखत होतं, कसं कळलं, जबडा म्हणजे नेमका कुठला. उसळ तशीच राहिली. अक्का राणीसारखी मधोमध बसून उत्तरं देत होती. बायका निघाल्या तेव्हा काहींनी तिच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं आणि तिने त्यांना रागावून उभं केलं.

अध्यक्षीणबाई मागे रेंगाळल्या. चपला घातल्या, परत काढल्या, आणि आत येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या डॉक्टरचं काय ते सांगा हो. माझ्या बहिणीला पाहिजे. तिचाही जबडा दुखतोय म्हणून."

अक्का त्यांच्या अगदी जवळ गेली. वेलदोड्याचा वास मलाही येत होता.

"हो का," ती मायेने म्हणाली. "बहिणीचा कुठल्या बाजूचा दुखतोय?"

अध्यक्षीणबाईंचा हात वर आला आणि त्यांच्याच डाव्या गालावर जाऊन टेकला. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. अक्काने तो हात तसाच आपल्या हातात घेतला, आणि मी स्कूटरची किल्ली आणायला आत गेले.